दुसरा परीक्षक

बिंदुमाधवांनी टेपचं टोक मागच्या दाराला टेकवलं आणि तुंगाबाईंना पाय लांब करायला सांगितलं. शोरूममधल्या त्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. तुंगाबाई साडी सावरत त्यावर आडव्या झाल्या, तसा प्लास्टिकचा मोठा आवाज झाला. पलीकडे गाडी बघायला आलेलं एक कुटुंब वळून बघायला लागलं.

“टाच लागली दाराला?”

“लागली. उठू आता?”

“थांब. डोक्याखाली उशी धरली तर चार इंच अजून जातील.”

“अय्यो, गाडी घेताय की पलंग?”

तिथला विक्रेता महदेवस्वामी नम्रपणे दुसरीकडे बघत उभा राहिला. या सरांची ही तिसरी फेरी होती. इंजिनची ताकद, गिअरबॉक्सची जात, दहा हजार किलोमीटरच्या सर्व्हिसला लागणारं तेल, विम्याचा हप्ता, सगळं त्यांनी डायरीत लिहून नेलं होतं. टेप घेऊन येणारं गिऱ्हाईक मात्र त्याच्या नोकरीत पहिलंच.

“डिझेल की पेट्रोल, ते तुमच्या वापरावर आहे, सर,” तो कन्नडमध्ये म्हणाला. “वर्षाला किती फिरवणार?”

“साडेसहा हजार किलोमीटर.” हे उत्तर तयार होतं. विजयनगरच्या घरून हॉस्पिटल, आठवड्यातून तीनदा, वर वेळी-अवेळीच्या फेऱ्या.

“मग डिझेलचे जास्तीचे पैसे पाच वर्षांत वसूल. एष्टु वर्ष इट्कोतीरि, सार?”

किती वर्षं ठेवणार, हा शोरूममधला साधा प्रश्न. बिंदुमाधवांनी टेप गुंडाळली. ती नीट गुंडाळली गेली नाही म्हणून पुन्हा उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

“सांगा की,” आतून तुंगाबाई म्हणाल्या.

“बघू,” असं म्हणून ते गाडीच्या मागे डिकी बघायला गेले.

बिंदुमाधवांनी चौतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं, आणि तुंगाबाईंनी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना गणित. दोघांचाही उन्हाळा उत्तरपत्रिका तपासण्यात जायचा. त्यामुळे या घरात कुठलीच मोठी गोष्ट एकाच्या मर्जीने ठरत नसे. एकाने शंभरपैकी गुण द्यायचे, ते झाकून ठेवायचे, मग दुसऱ्याने द्यायचे. दोघांत पंधरापेक्षा जास्त फरक पडला तर तिसरा परीक्षक, म्हणजे बेंगळुरूची मुलगी वेदवती. फ्रिज असाच आला, विजयनगरची जागा अशीच घेतली. फार काय, जावईसुद्धा दोन परीक्षकांच्या हाताखालून एकोणसाठ आणि बासष्ट गुणांनी उत्तीर्ण होऊन आला होता. ते अजून कुणी त्याला सांगितलेलं नाही.

या वेळी तीन गाड्या होत्या. नावं कळली की परीक्षकाचं मन झुकतं, म्हणून बिंदुमाधवांनी त्यांना क, ख, ग म्हटलं. तिन्हींत बसून आलेल्या तुंगाबाईंना कोणती कुठली हे डोळे मिटूनही सांगता आलं असतं, पण पद्धत म्हणजे पद्धत. ‘क’ पेट्रोलवर चालणारी, ऑटोमॅटिक, आणि तिच्यात गिअरच्या जागी पट्टा. त्यामुळे वेग वाढताना धक्का म्हणून बसत नाही. ‘ख’ डिझेल, हाताने गिअर टाकायची. ‘ग’ डिझेलही आणि ऑटोमॅटिकही, आणि किंमतही तशीच तोंडाला फेस आणणारी.

‘क’ बिंदुमाधवांना मनापासून आवडली नव्हती. चामुंडी टेकडीच्या चढावर पाय दाबला की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी सावकाश मागून येते, अशी त्यांची तक्रार. डावा हात सारखा गिअर शोधत राहतो आणि तिथे काही काम नसतं. ‘ख’ चालवून आले तेव्हा मात्र दिवसभर तिच्याबद्दल बोलत होते. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात कशी लोण्यासारखी जाते, ते त्यांनी दूधवाल्यालाही सांगितलं. तरीही त्यांनी ‘क’ला चौऱ्याहत्तर गुण दिले आणि ‘ख’ला अठ्ठावन्न. डायलिसिसनंतर तुंगाबाईंना साध्या गिअरच्या हिसक्यानेही मळमळायचं. जुन्या छोट्या गाडीत त्या दोनदा ओकल्या होत्या, आणि दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच फडकं मागून घेतलं होतं. ते फडकं देताना बिंदुमाधवांना जे वाटलं, त्यातून ही गाडीची गोष्ट निघाली असं घरात सगळ्यांना माहीत होतं.

ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी नर्स तुंगाबाईंचं वजन घेत होती तेव्हा डॉक्टरांनी बिंदुमाधवांना आत बोलावलं. हृदय साथ देत नाही, किडनी बदलायचा विचार आता करता येणार नाही, म्हणाले. दोन वर्षं धरून चाला.

“प्लस-मायनस किती?” बिंदुमाधवांनी विचारलं. जन्माची सवय.

“मायनसच धरा, सर,” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. वेदवतीलाही नाही. सांगायला तोंड उघडलं की मायलेजबद्दलच काहीतरी बाहेर पडायचं. रक्त शुद्ध करता येत नव्हतं, हृदयाला जोर देता येत नव्हता. मागच्या सीटची लांबी मात्र मोजता येत होती, आणि ती ते पुन्हा पुन्हा मोजत होते.

गुणपत्रिका तयार करताना एकच रकाना अडला. गाडी किती वर्षं वापरणार? दहा लिहावं असं त्यांच्या मनात आलं. पेन्सिल टेकवली, पण हात चालेना. खोटं रीडिंग लिहिणाऱ्या मुलांना त्यांनी आयुष्यभर लॅबच्या बाहेर काढलं होतं. मग त्यांनी ‘दोन’ धरून तिन्ही गाड्यांचा हिशोब केला, आणि कागद नव्याने लिहिताना तो रकानाच गाळला. गाडीची किंमत, वर्षाचा खर्च, एकूण. एवढंच. ‘क’ची किंमत दहा लाख चाळीस हजार, वर्षाचा खर्च ऐंशी हजार, एकूण बारा लाख. त्यांचे स्वतःचे गुण वेगळ्या चिठ्ठीवर होते, ती खिशात. कागद स्वच्छ दिसत होता आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. त्यांना जरा हायसं वाटलं.

गुरुवारी सकाळी त्यांनी तो तुंगाबाईंच्या हातात दिला. “चार तास नुसतं छताकडे बघत असतेस. तपासून टाक.”

“बरं. सुम्ने, उगीच पडून राहण्यापेक्षा बरंच की.”

डायलिसिसच्या खोलीला काचेचं दार होतं. बाहेरच्या बाकावरून बिंदुमाधवांना त्या दिसत होत्या. डाव्या हातात सुया, पोटावर पॅड, उजव्या हातात पेन्सिल. पहिला तासभर त्या भराभर लिहीत होत्या आणि ओठ हलत होते, वर्गातल्या फळ्यासमोर हलायचे तसेच. कितीतरी दिवसांनी त्यांना असं कामात बघून बिंदुमाधव खूश झाले. शेजारच्या माणसाला त्यांनी आपणहून सांगितलं, “माझी बायको. मॅथ्सची लेक्चरर.”

मग तुंगाबाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी खोडरबर वापरला नाही, पुढे लिहिलंही नाही. पॅड पोटावर तसंच ठेवून त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. सुई दुखत असेल, असं वाटून बिंदुमाधवांनी नर्सला खूण केली. नर्सने जाऊन विचारलं, तुंगाबाईंनी मान हलवून नाही म्हटलं, आणि पुन्हा लिहायला घेतलं.

साडेअकराला त्या सुटल्या. पार्किंगमध्ये जुन्या गाडीची पुढची सीट जेवढी मागे जाते तेवढी नेऊन बिंदुमाधवांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, दोनच घोट, मोजून. मग स्वतः बसले आणि किल्ली लावायच्या आधी कागद मागितला. उत्सुकता आवरत नव्हती. खिशातली चिठ्ठी काढून त्यांनी दोन्ही शेजारी धरलं.

‘क’ला तुंगाबाईंनी छप्पन्न दिले होते. ‘ख’ला शहात्तर.

“हे काय? ‘ख’? तुला गिअरचे हिसके सोसतील?”

“तुम्ही हळू टाकाल की.”

“दोन्हींत अठराचा फरक पडतोय,” ते वैतागून म्हणाले. “आता वेदाला पाठवायला लागणार.”

“तिला नका पाठवू.”

“का? नियम आहे आपला.”

“तिलाही भागाकार येतो,” तुंगाबाई म्हणाल्या.

बिंदुमाधवांना आधी कळलं नाही. मग त्यांनी कागद उलटा केला. मागे तुंगाबाईंचं सुरेख अक्षर होतं. बारा लाख वजा दहा लाख चाळीस हजार. बाकी एक लाख साठ हजार. भागिले ऐंशी हजार. उत्तराखाली, गणित संपलं की त्या मारायच्या तशा, दोन रेघा.

चौतीस वर्षं मुलांच्या चुका शोधलेल्या माणसाने गणिताच्या बाईला तीन संख्या देऊन चौथी लपवली होती. इतका राग त्यांना स्वतःचा कधी आला नव्हता.

“तुंगा, हे म्हणजे तसं…”

“तिन्ही गाड्या करून बघितल्या. तिन्हींना दोनच येतात.” श्वास घ्यायला त्या थांबल्या. “हिशोब बरोबर आहे तुमचा. पायऱ्या दाखवल्या नाहीत, म्हणून मार्क कापले.”

बाहेर एक रिक्षा मागे घेत कुणीतरी जोरात हॉर्न वाजवत होतं. बिंदुमाधवांनी आपल्या बाजूची काच वर घेतली. कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात आणखी एक हिशोब होता. पेन्सिल थांबल्यानंतरचा असावा, कारण अक्षर जरा तिरकं गेलं होतं. ‘ख’ची किंमत, ‘ख’चा वर्षाचा खर्च, गुणिले दहा. मग ‘क’चं तसंच. दहा वर्षांत ‘ख’ ऐंशी हजारांनी स्वस्त पडत होती.

“आणि हे दहा कुठले?” बिंदुमाधवांनी विचारलं.

“ते तुमचे. मामंजी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सायकलवरून देवराज मार्केटला जायचे. तुम्ही आत्ता कुठे सदुसष्ट. दहा धरायलाच हवेत.” त्या समोरच्या काचेतून बाहेर बघत होत्या. “त्या पट्ट्याच्या गाडीला शिव्या देत दहा वर्षं कशी काढाल? तुम्हाला हातात गिअर लागतो. आणि वेदाचं घर आहे बेंगळुरूला. दर महिन्याला जायचं तिच्याकडे. फिरवलीत तर डिझेल आणखी परवडेल.”

“एकट्या माणसाला एवढी मोठी गाडी कशाला लागते?” बिंदुमाधव म्हणाले.

बोलून गेले आणि मग त्यांना ऐकू आलं. तुंगाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. आतापर्यंत त्यांच्यापाशी नुसता एक भागाकार होता, आणि भागाकार चुकूही शकतो. मग उजवा हात पुढे करून त्यांनी कागद काढून घेतला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

“डिझेलच घ्या,” त्या म्हणाल्या. “चला आता. ऊन चढलंय.”