एव्हरिलची जागा

माझ्या थोरल्या बहिणीनं, एव्हरिलनं, लायनेलशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा आईनं आधी विचारलं, "आणि शाळा?"

लग्न झालेल्या बाईला तेव्हा आमच्या हॅलिफॅक्सच्या शाळेत शिकवता येत नसे. एव्हरिल तिथं चित्रकला शिकवायची. गिरणीकामगारांच्या पोरांना ती आईबापांचे हात काढायला लावी. सुजलेले, कापलेले, जसे असतील तसे. लीड्सच्या प्रदर्शनात तिची स्वतःची चित्रं लागली होती. लायनेलही चित्रकार, पण बेकार. तिनं राजीनामा दिला आणि मुख्याध्यापक गार्साइड यांनी तिची जागा त्यालाच दिली.

"घरची भाकरी घरातच राहिली," आई म्हणाली. "आभार मान."

"मानते," बटाटे सोलता सोलता एव्हरिल म्हणाली.

लायनेलला वर्ग झेपेना. पोरं त्याच्या कोटाला रंग फासत. मग रोज संध्याकाळी एव्हरिल दुसऱ्या दिवसाचा धडा त्याला समजावून देई, पोरांची चित्रं तपासून देई. वर्ग हळूहळू सुधारला. वर्षअखेरीच्या प्रदर्शनात गार्साइड माझ्यासमोर तिला म्हणाले, "बाई, तुमच्या यजमानांनी शाळेचं नाव काढलं."

तिनं लायनेलकडे पाहिलं. तो टोपीची कड चाचपत उभा राहिला.

घरी येताना चढावर ती म्हणाली, "एक शब्द तरी बोलायचास."

"बोललो असतो तर नोकरी गेली असती. मग तुझी चित्रं खाल्ली असती का?"

त्या दिवसापासून तिनं धडे समजावणं बंद केलं. चित्रं काढणंही. मी विचारलं तर म्हणायची, "हेस्टर, हात थंड पडलेत."

लढाई सुरू झाली, लायनेल सैन्यात गेला. पुरुष मास्तर मिळेनात, तेव्हा गार्साइड स्वतः दारात आले. लग्न झालेली बाई आता चालणार होती. एव्हरिल शाळेत परतली आणि पुन्हा चित्रंही काढू लागली. बॉम्बच्या भीतीनं काळे पडदे लावलेल्या खिडक्या, रेशनच्या रांगेतल्या बायका. एवढं चांगलं काम तिनं आधी केलं नव्हतं.

लायनेल धडधाकट परतला. परतलेल्या सैनिकाला जुनी जागा मागायचा हक्क होता.

"लायनेल, मागू नकोस," ती म्हणाली. मी तिथंच चहा ओतत होते.

"मग मी काय करू? तुझे ब्रश धूत बसू?"

"तुला शिकवायला आवडत तरी होतं का?"

"नाही," तो म्हणाला. "पण लोक मला मास्तर म्हणायचे."

त्यानं जागा मागितली आणि त्याला ती मिळाली.

लग्न झालेल्या बायकांवरची बंदी आता सगळीकडेच उठली होती. एव्हरिलनं ब्रॅडफर्डला दुसरी शाळा धरली आणि खाटकाच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. तिनं घटस्फोट मागितला नाही, त्यानं परत बोलावलं नाही. आईनं मरेपर्यंत तिचं नाव घेतलं नाही.

ब्रॅडफर्डलाच ती निवृत्त झाली. मधल्या काळात लंडनच्या एका कलादालनात तिचं प्रदर्शन भरलं. लायनेल पाहायला गेला होता, हे मला नंतर कळलं. तिला न भेटताच तो परतला.

त्याच्या दफनाला ती आली. एक मध्यमवयीन माणूस तिच्याजवळ येऊन म्हणाला, "सरांच्या पहिल्याच वर्षी मी त्यांच्या वर्गात होतो. त्यांनी आम्हाला बघायला शिकवलं."

मला वाटलं, आता तरी ती बोलेल.

"तुम्ही अजून चित्रं काढता?" तिनं विचारलं.

"रविवारी काढतो."

"काढत राहा," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी बस गाठायला निघालो.