थोरली, धाकटी आणि ओल्या कॉलरी

लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झालेले काका मोजल्याशिवाय काही करत नसत. लग्नाला होकार देण्याआधी त्यांनी काकूंच्या घराचा जिना मोजला होता आणि एका पायरीच्या फरकावरून बोलणी दोन महिने अडली होती, असं त्यांचा मेहुणा छातीठोकपणे सांगतो.

तर घरातला जुना सर्व्हर आता शेवटच्या घटका मोजत होता. त्याची डिस्क अशी करकरायची, की शेजारच्या सुताराने दोनदा येऊन विचारलं, काम दुसऱ्या कुणाला दिलंत का. काकूंच्या शिवणकामाचे वीस वर्षांचे नमुने त्याच डिस्कवर होते, आणि ते उघडणारा प्रोग्राम इतका जुनाट, की नवं यंत्र त्याला ओळखही दाखवेना. म्हणजे अख्खा जुना सर्व्हरच नव्या यंत्राच्या पोटात बसवायला हवा. ते करणारी दोन सॉफ्टवेअरं काकांनी आणली. एकाचं नाव ठेवलं थोरली, दुसऱ्याचं धाकटी, आणि दोघींत चपळ कोण ते बघायला बसले.

बसले ते तीन आठवडे.

थोरली सकाळी जे काम अकरा मिनिटांत उरकायची, त्यालाच दुपारी एकोणीस मिनिटं लावायची. दुसऱ्या दिवशी धाकटीचीही तीच तऱ्हा. काकांनी एक वही भरली, मग दुसरी. मेहुणा म्हणाला, दाजी, सुनांची इतकी परीक्षा घ्याल तर चहा स्वतःच करून प्यावा लागेल.

काकू हसल्या नाहीत. नाटक मंडळीचे बारा शर्ट शिवायचे होते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नमुने नव्या यंत्रात दिसले नाहीत, तर दोन्ही यंत्रं माळ्यावर जातील आणि मी परत कागदावर, एवढंच त्यांनी हळू आवाजात सांगितलं. आवाज चढवला असता तर काका निर्धास्त राहिले असते.

शुक्रवारी दुपारी आकडे पुन्हा घसरले. काका वैतागून टेबलाखाली शिरले. यंत्राच्या पाठीवर, गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीवर, खळ लावलेल्या आठ कॉलरी ओळीने वाळत घातलेल्या. यंत्राचा जीव घुसमटत होता आणि ते बिचारं हळूहळू चालत होतं.

"अगं, हे कधीपासून?"

"यंत्र आलं तेव्हापासून. रोज जेवणं झाली की," काकू म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात ना, हे एका वेळी चार कामं करतं."

कॉलरी निघाल्या, मोजणी पुन्हा झाली. थोरली दहा मिनिटं बावन्न सेकंद, धाकटी दहा मिनिटं त्रेपन्न. काका वही उघडणार, तेवढ्यात जुनी डिस्क करकरायची थांबली. मग ती खोकल्यासारखा आवाज करून पुन्हा सुरू झाली.

काकांनी वही फेकली. समोर धाकटी उघडी होती, तिच्यातच त्यांनी सगळं ओतायला घेतलं, आणि जणू लिफ्टचा दोर हाती असावा तसे ते जुन्या सर्व्हरला दोन्ही हातांनी धरून टेबलाखाली बसून राहिले. सात वाजायच्या आत शेवटचा नमुना पलीकडे पोचला.

काकूंनी नाटकातल्या नायकाच्या शर्टाचा नमुना उघडला आणि पडद्याकडे निरखून पाहिलं.

"आहे तसाच आलाय. पण आता पोट सुटलंय हो त्या नायकाचं."

आणि गुणगुणत त्यांनी कमरेत दोन इंच वाढवले. काका टेबलाखालून बाहेर आले.