आपल्या दोघींतच

तीस वर्षं ओहायोच्या गल्ल्यांतून टपाल वाटून लोर्ना व्हीच निवृत्त झाली आणि घरी गप्प बसवेना म्हणून तिने कोर्टाचं फुकटचं काम अंगावर घेतलं. आईबापांकडून काढून परक्या घरी ठेवलेल्या मुलांना महिन्याला भेटायचं आणि त्यांचं भलं कशात आहे ते न्यायाधीशांना लिहून द्यायचं. तिच्या वाट्याला अकरा वर्षांची ब्रिन आली. चार भेटींत पोरीने हिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. ब्रिनला सांभाळणारी विल्मा स्टॅग तर दारातच आडवी उभी राहायची.

"चौकशीला सगळे येतात, बाई," ती म्हणाली. "ओली चादर धुवायला कोणी येत नाही."

पाचव्या भेटीत मागच्या पायरीवर ब्रिनने तोंड उघडलं. आईशी फोनवर बोलताना तिला मागे डस्टीचा आवाज ऐकू आला होता. हा आईचा मित्र, त्यानेच ब्रिनचा हात मोडला होता. तो कायमचा गेलाय, असं आईने कोर्टात सांगितलं होतं. हे कोणाला सांगू नका, असं पोरीने बजावलं. मुलांना असलं वचन कधीच द्यायचं नाही, हे लोर्नाला या कामाच्या प्रशिक्षणात दहादा घोकवलं होतं. पण चार महिन्यांनी पोर बोलली होती, आणि बाईला मोह आवरला नाही.

"आपल्या दोघींतच," ती म्हणाली.

घरी येऊन तिने ते अहवालात लिहिलं. लिहिणं भागच होतं. ब्रिनला आईकडे परत द्यायचं का, याची सुनावणी होती आणि अहवाल सुनावणीआधी सगळ्यांना जातो, आईलाही. आई पुढच्या वेळी पोरीला भेटायला आली तेव्हा तिने ब्रिनला मिठीत घेऊन कानात काहीतरी सांगितलं.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी विचारलं तेव्हा ब्रिनने लोर्नाकडे बोट केलं. "मी असं बोललेच नाही. ही खोटारडी आहे."

आईच्या वकिलाचं आयतंच फावलं. दुसरा पुरावा नव्हता. पोर त्याच आठवड्यात आईकडे, म्हणजे डस्टी असलेल्या घरात जाणार होती. लोर्ना उठून उभी राहिली.

"खोटारडी मी आहेच," ती म्हणाली. "तिने हे सांगितलं तेव्हा कोणाला सांगणार नाही असं वचन मी तिला दिलं. ते मोडलं म्हणून ती माझ्यावर उलटली आहे. पण ती बोलली ते खरं आहे."

न्यायाधीशबाईंनी ब्रिनला पुन्हा विचारलं. ती बुटांकडे बघत राहिली, नाही म्हणाली नाही. आईच्या घराची तपासणी होईपर्यंत ब्रिनने विल्माकडेच राहायचं, असा हुकूम झाला. लोर्नाला त्याच कागदावर कामावरून काढलं.

बाहेर विल्माने तिच्याकडे पाठ फिरवली. तरी लोर्नाने पोरीला गाठलंच. आता दुसरी बाई येईल, माझ्यापेक्षा चांगली असेल, तिला सगळं सांग, असं तिने हात जोडल्यासारखं सांगितलं.

ब्रिनने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "तिला मी माझं नावसुद्धा सांगणार नाही."