साहेबांच्या टाकीचा सांधा

मित्रांनो, मी काचेची एक जुनी टाकी. माझ्यात एक कासव राहतं. दिवसभर जागचं हलायचं नाही आणि जेवणाची वेळ मात्र चुकवायची नाही, म्हणून घरात सगळे त्याला 'साहेब' म्हणतात.

मला घडवलं ते या घरातल्या आईने. ती फोटोफ्रेमच्या दुकानात काच कापायची. उरलेल्या जाड काचा तिने घरी आणल्या, सिलिकॉनने जोडल्या आणि सांध्यांवरून ओलं बोट फिरवलं. पाहुणे म्हणत, "विकतची वाटते हो." आई नुसती हसायची.

मग आई आजारी पडली आणि गेली. लेक साहेबांना खाऊ घालायची, पण माझं पाणी बदलायचं कुणाला सुचलं नाही. ते हिरवं झालं. बाबा कामावर जात, येत, ताट तसंच ठेवून भिंतीकडे बघत बसत. पुढे माझा एक सांधा सुटला. कोपऱ्यातून पाणी झिरपायचं, आणि बाबा त्याखालचं फडकं पिळायचे.

एकदा आत्या आली. माझ्याखालच्या टेबलावर हात ठेवून म्हणाली, "दादा, लाकूड कुजायला लागलंय. टाकी भंगारात दे. कासव मी नेते. आधीच तुझ्यामागे काय कमी आहे?"

"ने," बाबा म्हणाले.

"नको," लेक म्हणाली. "आईच्या हातचं एवढं तरी राहू दे."

बाबांनी माझा सुटलेला सांधा चाचपला. "सुट्टीच्या दिवशी बघतो," एवढंच म्हणाले.

सुट्टीला साहेब टबात गेले. मला रिकामी करून, पुसून बाबा पात्याने जुनं सिलिकॉन खरवडू लागले. एका कोपऱ्यात त्यांचा हात थांबला. तिथे बोटाच्या बारीक रेषा उमटल्या होत्या.

"हे तुझ्या आईचं बोट."

लेक वाकली. "मग एवढं ठेवा. वरून नवं लावा."

"जुन्यावर नवं धरत नाही, बाळा. इथूनच परत गळेल."

तिने त्या रेषांवरून एकदा बोट फिरवलं. "काढा मग."

त्यांनी काढलं. चेहरा होता तसाच. काचेला दुखत नाही, मित्रांनो. मलाही काही वाटलं नाही. सोललेली एक पट्टी खाली कागदावर पडली.

बाबांनी काच स्पिरिटने पुसली, कडेला चिकटपट्टी लावली आणि नवं सिलिकॉन भरलं. रेघ थोडी वाकडी आली. त्याचा आंबूस वास पुरता जाईपर्यंत मला कोरडी ठेवली. मग पाणी भरलं, उपसलं, पुन्हा भरलं. बाबांनी माझ्या कडेखालून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. साहेब पाण्यात उतरले, एक चक्कर मारून तळाशी बसले.

"भूक लागली गं," बाबा म्हणाले.

लेक उठली आणि तिने दोन ताटं घेतली.

मित्रांनो, गळणारी वस्तू लगेच टाकून देऊ नका. दुरुस्त करताना जुनं खरवडावं लागलं, तर हात आखडू नका. आणि घरात मुकं जनावर असेल, तर आपल्यावर काहीही गुदरलेलं असो, त्याचं पाणी बदलत जा.