पाचव्या क्रमांकाचा टाका

माझ्या धाकट्या बहिणीचा रोजचा सकाळी दहाचा फोन आला नाही, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. साडेदहाला मीच लावला. "कामात आहे," म्हणाली आणि ठेवलाच. बहात्तराव्या वर्षी हिला कसलं डोंबलाचं काम!

नातीने माझा मोबाइल चाळून गुन्हा शोधून काढला. शिवणकामाच्या ग्रुपवर आदल्या दिवशी मी आवडत्या टाक्यांची क्रमवार यादी टाकली होती: तुरपाई, काजटाका, उलटी टीप, धावदोरा आणि पाचवा साखळी टाका. त्याखाली धाकटीने लिहिलं होतं, "वा! साखळी शेवटी!"

"आजी, नुसते नंबर काय देतेस? कारण लिही की! मावशीआजीने जन्मभर साखळी घातली. तिला वाटणारच, ताईने मला नापास केलं."

कारण होतं. पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं. पण धाकटीच्या फोनाशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. चष्मा पुसला आणि एका बोटाने टाइप करायला बसले.

"आम्ही दोघी बहिणी लहान मुलींचे फ्रॉक शिवायच्या कारखान्यात एका बाकावर बसायचो. साखळी मला कधी जमलीच नाही. एक कडी लांब, एक आखूड. जेवणाच्या सुट्टीत मी माझे फ्रॉक बाकाखालून धाकटीकडे सरकवायचे, तिची तुरपाई मी उरकायचे. एकदा आमच्यावर देखरेख करणाऱ्या मोठ्या बाईंनी माझा म्हणून एक फ्रॉक नमुन्यासाठी भिंतीवर लावला, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. साखळी धाकटीची होती. मी गप्प बसले, तीही गप्प बसली. जो टाका माझा नाही, तो वर कुठल्या तोंडाने लावू?"

पाठवलं. पाचच मिनिटांत फोन वाजला.

"ताई, अगं जगजाहीर केलंस! मोठ्या बाई असत्या तर या वयात कान धरून उभं केलं असतं दोघींना."

"तुला राग नव्हता आला? त्या टाळ्यांचा?"

"आला होता ना! म्हणून तर पुढचा आठवडाभर तुझ्या डब्यातलं निम्मं मी खाल्लं. तुला वाटलं, मला भूक जास्त लागते!"

हसता हसता मला ठसका लागला. दुपारी धाकटीची यादी आली. पहिली साखळी. शेवटी तुरपाई. पुढे कारण: "ताईला विचारा."