माझ्या आलेखात ती आली

मी निळी रेघ बोलतेय. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर आलेख असतो ना, त्यातली. ड्रेसिंगच्या खोलीत आठवड्याला किती पेशंट आले, ते मी सांगते. चारशे आले की वर, दोनशे आले की खाली. काम सरळ, स्वभाव थोडा चिडका.

माझा जन्म आकडेवाल्या बाईंच्या हातचा. दवाखान्याच्या नोंदी त्याच सांभाळतात. त्यांनी मला पडद्यावर ठेवलं आणि मी ऐसपैस पसरले. दर सोमवारी मोठे डॉक्टर येऊन फक्त मलाच बघायचे. अख्खा आलेख माझा! काय दिवस होते ते.

मग मी उतरायला लागले. चारशे, साडेतीनशे, दोनशे नव्वद. डॉक्टर म्हणाले, "पेशंट कमी झालेत. धाकट्या सिस्टरना अर्धा दिवस वरच्या वॉर्डात पाठवतोच आहोत, आता पूर्णच पाठवू. इथं एक सिस्टर पुरे."

थोरल्या सिस्टर दारातच उभ्या होत्या. "अहो, कमी कुठले? बाकडी भरलेली असतात! लोक ताटकळतात आणि वैतागून निघून जातात. काल पायाच्या जखमेचे आजोबा दीड तास बसून तसेच गेले. पट्टी ओलीचिंब झालेली."

"मग तसं आकड्यांत दाखवा. येत्या सोमवारी ठरवू."

झालं! बाईंनी दुसरा आकडा उचलला आणि थेट माझ्या आलेखात आणून टाकला. पेशंटला किती मिनिटं थांबावं लागतं, तो. नारिंगी रेघ! मला विचारलंसुद्धा नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण काय सांगू, सुरुवातीला तिची चांगलीच जिरली. डावीकडचा माझा अक्ष शून्य ते चारशेचा. हिचे आकडे पस्तीस, साठ, पंच्याण्णव. तळाशी सरपटत होती नुसती. चढतेय की झोपलीय तेही कळेना. मला गुदगुल्या झाल्या. म्हटलं, जा बाई आपल्या घरी.

बाई गालाला हात लावून बघत बसल्या. मग "हां!" म्हणाल्या आणि उजवीकडे हिच्यासाठी वेगळा अक्ष उभा केला, शून्य ते शंभरचा. बया ताडकन उठली आणि माझ्या डोक्यावरून वर गेली! मी दोनशे नव्वद, ती पंच्याण्णव, आणि वर कोण? ती! हा कुठला न्याय?

सोमवारी डॉक्टरही फसले. "म्हणजे इथून पुढे मिनिटं पेशंटपेक्षा जास्त झाली?"

मनात म्हटलं, घातलाच ना हिनं गोंधळ!

"नाही सर," बाई म्हणाल्या. "डावीकडे माणसं, उजवीकडे मिनिटं. रेघा कुठे छेदतात ते सोडा, कुठे निघाल्यात ते बघा. धाकट्या सिस्टर वर जायला लागल्या त्या आठवड्यापासून थांबणं वाढलं. त्यापाठोपाठ पेशंट घटले."

डॉक्टरांनी आम्हा दोघींवरून सावकाश बोट फिरवलं. "म्हणजे लोक बरे झाले म्हणून कमी झाले नाहीत. आपणच त्यांना घालवलं."

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा आकडा खरा होता हो, पण माझ्या एकटीच्या तोंडून त्याचा अर्थ भलताच लागत होता.

धाकट्या सिस्टर पूर्ण दिवसासाठी परत आल्या. हळूहळू मी तीनशे ऐंशीवर चढले, ती तीस मिनिटांवर उतरली. पण माझ्याकडे लक्ष आहे कुणाचं? "अरे वा, नारिंगी खाली आली!" म्हणून सगळे खूश. मी उतरले तेव्हा खोलीतली सिस्टर काढायला निघाले होते, आणि ही उतरली तर कौतुक! जळते मी, उघड उघड जळते.

कालची गोष्ट. बाईंचा हात चुकून कुठेतरी लागला आणि ती नाहीशी झाली. अख्खा आलेख पुन्हा माझा! मी जरा ताठ झाले. तेवढ्यात डॉक्टर आले, थेट माझ्याकडे बघून म्हणाले, "तीनशे साठ? वीस पेशंट कमी झाले? का बरं?"

मला काही सांगता येईना. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शेवटी जीव तोडून मनातल्या मनात ओरडले, अहो बाई, बघत काय बसलात, त्या बयेला आणा आधी!