टकल्याची दृष्ट

मुंबईत ज्ञानेश्वर पोटासाठी मरत असे. सिनेमात हो! आजवर तो मातीत तोंड खुपसूनच मेला होता. या नव्या मारधाडीच्या सिनेमात पहिल्यांदा त्याला चेहरा मिळाला. सुपारी घेऊन माणसं मारणारी टोळी, त्यातला तो एक. पण सिनेमा लागला आणि एका बड्या समीक्षकाने लिहिलं, ‘मारेकरी किड्यामुंग्यांसारखे मरतात, पण एकाच्याही मरणाने कुणाचं काळीज हलत नाही.’ खुर्चीत बसून दुसऱ्यांची काळजं मोजणाऱ्याचं काय जातं? इकडे ज्ञानेश्वर बॅग उचलून संग्रामपूरजवळच्या आपल्या गावी आला आणि बापाला, शेषरावांना म्हणाला, "आता इथंच राह्यतो. ते काम आपल्याच्यानं होत नाही."

माय, मनकर्णाबाई, मात्र हटून बसली. "मले तुया शिनेमा पाह्यचा आहे."

शेषराव कावले. "जित्या पोराचं मरण पाह्यते का?"

शेवटी ज्ञानेश्वर तिला एस.टी.ने खामगावला घेऊन गेला. आपल्या मरणाच्या वेळी तिला बाहेर काढायचं, असं त्याने ठरवलं होतं. वेळ आली तसा तो कुजबुजला, "माय, चाल, भजे खाऊ."

"भजे खायाले आली का मी?"

पडद्यावर गोळी लागली. ज्ञानेश्वर भिंतीला टेकून हळूहळू खाली घसरला. माय हंबरडा फोडून रडली. पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारत खिदळली.

"माय, मी इथीसाच बसलो ना!"

"हाव, दिसते मले," ती म्हणाली आणि त्याचं मनगट घट्ट धरून रडतच राहिली. मग एक टकला मारेकरी जिन्यावरून गडगडला. तिने पुन्हा पदर डोळ्यांना लावला.

"आता काऊन?"

"त्याले माय नसन का रे?"

हे पुढच्या पोरांनीही ऐकलं. त्यानंतर त्यांची शिट्टी काही वाजली नाही.

घरी आल्यावर तिने मीठ-मोहरी घेऊन ज्ञानेश्वरची दृष्ट काढली. ती चुलीत टाकून तिने दुसरी मूठ भरली.

"हे कोणाची?"

"त्या टकल्याची. नाव काय त्याचं?"

"बलबीर."

"लाव त्याले फोन."

बलबीरनेही ते परीक्षण वाचलं होतं. तोही काम सोडायच्या बेतात होता. मायला हिंदी येत नव्हती. तिने फोन कानाला लावला आणि आपल्याच बोलीत विचारलं, "लागलं तर नाही ना रे बाप्पा, जिन्यावरून पडला तवा?"

पलीकडे तो धिप्पाड माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

ज्ञानेश्वरने मायच्या हातून फोन घेऊन हळूच ठेवला. डोळे पुसले आणि बॅग पुढे ओढली.

"माय," तो म्हणाला, "सकाळच्या गाडीसाठी दशम्या बांधजो. बलबीरच्याही."